नदीवरची काठी हातात आहे, तिला रीळ कोणते घ्यावे?

प्रश्न : माझ्याकडे दोन तुकड्यांची नऊ फुटी स्पिनिंग काठी आहे. तिच्यावर '१०–३० ग्रॅम' आणि '८–१७ एलबी' असे छापलेले आहे. सांगली परिसरात कृष्णेच्या काठावर आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यावर मी कणकेच्या गोळ्याने किंवा गांडुळाने गळ टाकतो. बहुतेक वेळा रोहू, मृगळ किंवा चिलापी लागते, कटला क्वचित. जुने रीळ आता निकामी झाले आहे. दुकानदार ६००० क्रमांकाचे रीळ घ्या म्हणतात, कारण 'मोठा मासा लागला तर दोरी कमी पडायला नको'. मित्राच्या मते २५०० क्रमांकाचे पुरेसे आहे. खोक्यावर बेअरिंगची संख्या, ड्रॅगचे किलो आणि गिअरचे प्रमाण असे बरेच काही लिहिलेले असते. त्यांतले नेमके काय पाहावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या काठीवरच छापलेले आहे. रीळ निवडताना सुरुवात रिळापासून किंवा मनातल्या माशापासून न करता काठीवरच्या त्या दोन आकड्यांपासून करावी. '१०–३० ग्रॅम' याचा अर्थ, शिसे, गळ आणि आमिष मिळून एवढे वजन ही काठी व्यवस्थित फेकू शकते. '८–१७ एलबी', म्हणजे पौंड, हा तिला मानवणाऱ्या दोरीच्या ताकदीचा पट्टा आहे. किलोमध्ये तो साधारण साडेतीन ते पावणेआठ होतो. (कार्पसाठीच्या काही काठ्यांवर 'टेस्ट कर्व्ह २.७५ एलबी' असे लिहिलेले असते, तो आकडा वेगळा आहे. काठीचे टोक काटकोनात वाकवायला किती ओढ लागते ते तो सांगतो. त्यावरून कोणी पावणेतीन पौंडांची दोरी घेतली तर ती पहिल्याच रोहूला तुटेल.)

या पट्ट्याच्या मधोमध राहायचे ठरवले, तर आपल्यासाठी ०.२८ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, योग्य ठरतो. या जाडीचा चांगला तंगूस साधारण पाच ते सात किलो ताण सहन करतो. कृष्णेच्या काठावरचे दगड, बंधाऱ्याचे काँक्रीट आणि पाण्यात बुडालेली झाडेझुडपे यांवर घासल्यावर विणलेली दोरी, जिला दुकानात 'ब्रेड' म्हणतात, फार लवकर उसवते, आणि तंगूस त्या मानाने टिकतो. शिवाय तो थोडा ताणला जात असल्याने कणकेच्या मऊ आमिषाच्या फेकीत आणि माशाच्या पहिल्या हिसक्यात तो सोशिक ठरतो. आपल्या पद्धतीच्या मासेमारीला विणलेल्या दोरीची गरज आहे, असे मला वाटत नाही.

दोरी ठरली की स्पूलचा, म्हणजे रिळातल्या दोरी गुंडाळण्याच्या चकरीचा, प्रश्न येतो, आणि इथे दुकानदारांचे म्हणणे तपासून पाहता येते. प्रत्येक बऱ्या रिळाच्या स्पूलवर त्याची क्षमता छापलेली असते. ४००० क्रमांकाच्या पुष्कळ रिळांवर '०.३०–१८०' असे वाचायला मिळते, म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीची १८० मीटर दोरी त्यावर मावते. २५०० क्रमांकाच्या अनेक रिळांवर '०.२५–१६०' असते. आपल्याला हव्या असलेल्या जाडीचा आकडा छापलेला नसेल, तर तो घरीच काढता येतो : छापलेली लांबी घ्यावी, तिला छापलेल्या जाडीच्या वर्गाने गुणावे आणि आपल्या दोरीच्या जाडीच्या वर्गाने भागावे. १६० मीटरला ०.२५ च्या वर्गाने गुणून ०.३० च्या वर्गाने भागले की सुमारे १११ मीटर येतात. म्हणजे मित्राने सुचवलेल्या २५०० च्या रिळावर आपली दोरी सव्वाशे मीटरही बसणार नाही.

आता एवढी दोरी लागते का? नऊ फुटी काठीने वीस-पंचवीस ग्रॅमचे शिसे चाळीस ते पन्नास मीटर जाते असे धरले, तर १११ मीटरमध्ये फेकीनंतर साठ-एक मीटर दोरी शिल्लक राहते. चिलापीला आणि किलो-दोन किलोच्या रोहूला ती पुरते. मात्र मोठा कटला प्रवाहाच्या दिशेने निघाला की अडचण दोरी संपण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ड्रॅग म्हणजे मासा ठरावीक ताणाहून जोराने ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळातला ब्रेक. त्याची पकड स्पूलच्या आसावर असते. दोरीवरची ओढ मात्र स्पूलवर त्या क्षणी उरलेल्या दोरीच्या व्यासावर ठरते. स्पूल रिकामा होत जातो तसा हा व्यास घटतो आणि त्याच ड्रॅगवर दोरी सुटायला जास्त ताण लागू लागतो. व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट होतो. सुरुवातीला दीड किलोवर लावलेला ड्रॅग अशा वेळी तीन किलोंवर जाऊन बसतो, आणि मासा दूर, दोरी पाण्यात वळलेली व दगडाला घासलेली अशा नेमक्या वाईट क्षणी हे घडते. स्पूल थोडा मोठा असावा, याचे खरे कारण हे आहे. दोरी 'कमी पडणे' ही त्यानंतरची गोष्ट झाली.

याच न्यायाने ६००० का नको, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आपल्या मनगटाकडे आणि काठीच्या पहिल्या कडीकडे आहे. ६००० क्रमांकाची रिळे बहुधा चारशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड असतात, तर ४००० ची पुष्कळ रिळे अडीचशे ते तीनशे ग्रॅमच्या दरम्यान मिळतात. तीस ग्रॅमपर्यंतच वजन फेकणाऱ्या काठीच्या बुडाशी चारशे-साडेचारशे ग्रॅमचा ऐवज लटकवला की तिचे टोक हलके होते, हात मागे ओढला जातो, आणि आमिषाला माशाने नुसते तोंड लावल्याची जी बारीक थरथर टोकाकडून हातात यायला हवी ती येत नाही. दुसरे असे की मोठ्या स्पूलवरून दोरीची मोठी वेटोळी सुटतात. नदीच्या मध्यम काठीची पहिली कडी त्या मानाने लहान असते. वेटोळी तिथे येऊन आदळतात, काठीच्या दांडीवर फटकारतात आणि फेक आखडते. ६००० क्रमांकाचे रीळ कोकणात समुद्राच्या खडकावरून गरवणाऱ्याच्या दहा-बारा फुटी काठीवर शोभते. आपल्या काठीवर नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत ४००० क्रमांकाच्या, किंवा स्पूल पुरेसा खोल असेल तर ३००० क्रमांकाच्या, रिळाच्या बाजूने आहे. पण हा क्रमांक कोणत्याही एका प्रमाणाने बांधलेला नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक कंपनी आपापली क्रमवारी लावते; दाइवाने २०१८ मध्ये एलटी मालिका आणताना स्वतःच्याच आकारांची फेरमांडणी केली, त्यामुळे त्याच कंपनीच्या जुन्या आणि नव्या २५०० मध्येसुद्धा फरक दिसतो. शिमानोच्या क्रमांकाआधी 'सी' अक्षर असेल तर स्पूल त्या क्रमांकाचा आणि अंग एक पायरी लहान असते : 'सी ३०००' चे अंग २५०० चेच असते. तेव्हा क्रमांकावरून अंदाज करावा, निर्णय मात्र स्पूलवरची क्षमता आणि ग्रॅममधले वजन वाचून घ्यावा.

आता खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांकडे वळू. बेअरिंगची संख्या हा विक्रीचा आकडा आहे. दहा स्वस्त बेअरिंगांपेक्षा चार चांगली बेअरिंगे नदीच्या गाळात जास्त काळ गुळगुळीत चालतात, म्हणून या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. ड्रॅगचा कमाल आकडाही असाच फसवा आहे. आपली दोरी सहा किलोंची असेल, तर ड्रॅग तिच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे दीड ते दोन किलोंवर लावायचा असतो. गाठीमुळे दोरीची ताकद मुळातच काहीशी कमी झालेली असते. खोक्यावर '१० किलो' लिहिलेले असले काय आणि '६ किलो' असले काय, आपण त्यातले दोनच किलो वापरणार. महत्त्वाचे हे की ते दोन किलो न अडखळता सुटले पाहिजेत. दुकानात ड्रॅगची चकती सैल करून दोरी हाताने अगदी सावकाश ओढून पाहावी. पहिल्या क्षणी दोरी अडकली आणि मग एकदम हिसक्याने सुटली, तर ते रीळ परत ठेवावे, कारण माशाच्या धावेच्या सुरुवातीला दोरी तुटते ती याच हिसक्यात.

गिअरचे प्रमाण मात्र समजून घेण्यासारखे आहे. '५.२ : १' म्हणजे रिळाची मूठ एकदा फिरली की तारेची कमान स्पूलभोवती सुमारे सव्वापाच वेळा फिरते. स्पूलवर दोरीचा व्यास ४८ मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात सुमारे ७८ सेंटिमीटर दोरी आत येते. हेच प्रमाण ६.२ असले तर साधारण ९३ सेंटिमीटर. तळाला आमिष ठेवून बसणाऱ्याला वेगाची घाई नसते, उलट जड मासा काठाशी आणताना किंवा शिसे शेवाळातून सोडवताना कमी प्रमाणाचे रीळ हाताला हलके जाते. आपल्याला पाचच्या आसपासचे प्रमाण योग्य. बनावट आमिष भराभर ओढून मरळ किंवा शिंगाळा गाठणाऱ्याने सहाच्या पुढचे घ्यावे.

दुकानात जाताना काठी बरोबर न्यावी. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि तो फार थोडे जण पाळतात. रिळाचा पाय काठीच्या बैठकीत बसवून नट आवळावा आणि रीळ डावी-उजवीकडे हलवून पाहावे. काही बैठकींत जाड पायाची रिळे पूर्ण शिरत नाहीत आणि काहींत बारीक पाय खुळखुळतो. मग दोरी कड्यांतून ओवून, रिळाच्या पायाच्या थोडे पुढे, काठी एका बोटावर तोलावी. ती तिथे किंवा काठीच्या मुठीच्या पुढच्या भागाच्या आत कुठेही स्थिरावली तर जोडी जमली. टोक खाली कोसळत असेल तर रीळ हलके पडते. बूड खाली जात असेल तर जड. त्यानंतर रिळाची मूठ धरून उलट फिरवून पाहावी : ती जागच्या जागी अडली पाहिजे, पाव फेरा मागे जाऊन नव्हे. तारेच्या कमानीला जिथे दोरी वळसा घेते तिथला छोटा रोलर नखाने फिरवून बघावा. हा रोलर अडकलेला असला की तंगूस दर ओढीला तिथे घासतो आणि त्याला पीळही पडतो. स्वस्त रिळांत पहिली कुरबूर बहुधा इथूनच सुरू होते. स्पूलच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवावा. धागा अडकला तर काठाला खरवड आहे.

दोरी भरताना स्पूलच्या काठापासून साधारण दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. त्याहून कमी भरली तर दोरी काठावर घासून फेक आखडते; काठोकाठ भरली तर एका फेकीत वेटोळ्यांचा गुंता बाहेर पडतो. आपल्या रिळाची क्षमता १८० मीटर आणि तंगुसाची गुंडी १०० मीटरची असेल, तर खाली जुना तंगूस भरून उंची वाढवावी आणि वर नवा बांधावा; मात्र गाठ बारीक असावी आणि ती फेकीच्या अंतराच्या बरीच आत राहावी.

ड्रॅगचे किलो अंदाजाने न लावता एकदा ताणकाट्याने लावावेत. भाजीवाल्यांकडे असतो तसला स्प्रिंगचा साधा काटा चालतो. दोरी सगळ्या कड्यांतून ओवून तिचे टोक काट्याच्या आकड्याला बांधावे, काटा दाराच्या कडीला अडकवावा, काठी पंचेचाळीस अंशांत उभी धरून मागे सरकावे, आणि काटा दीड किलो दाखवेल त्या क्षणी दोरी सुटू लागेल इतकी चकती फिरवावी. रीळ हातात धरून सरळ ओढून लावलेला ड्रॅग काठी वाकल्यावर जास्त भरतो, कारण प्रत्येक कडीवरचे घर्षण त्यात मिळते. म्हणून हे मोजमाप काठीसकटच करावे.

पावसाळ्यात कृष्णेला पाणी वाढले की एक मोह होतो, तोही सांगतो. धारेत वीस ग्रॅमचे शिसे ठरत नाही, मग माणूस पन्नास-साठ ग्रॅमचे लावतो आणि रीळ मोठे असते तर बरे झाले असते असे त्याला वाटते. तिथे मर्यादा काठीची असते, रिळाची नव्हे. ६००० चे रीळ लावल्याने १०–३० ग्रॅमची काठी साठ ग्रॅम फेकू शकत नाही, ती मोडते. अशा दिवसांत धार टाळून बंधाऱ्याच्या वरच्या संथ फुगवट्यावर किंवा वळणामागच्या मुरलेल्या पाण्यात बसावे.

प्रश्न : भावाने परदेशातून सहा फूट सहा इंचांची काठी पाठवली आहे. तिच्या मुठीखाली बंदुकीच्या घोड्यासारखा एक आकडा आहे आणि कड्या फार लहान आहेत. घरात पडून असलेले २५०० चे स्पिनिंग रीळ मी तिला लावू का? मला भंडाऱ्याच्या तलावांत मरळ धरायची आहे.
— एक वाचक, भंडारा

उत्तर : लावू नये. आपली काठी बेटकास्टिंगची आहे. तिच्यावर रीळ वरच्या बाजूला बसते, कड्याही वरच राहतात आणि तो घोडा बोटाला आधार देतो. स्पिनिंग रीळ खालून लावले तर घोडा उलट्या बाजूला येऊन तळहाताला टोचेल, आणि स्थिर स्पूलवरून सुटणारी वेटोळी त्या बारीक पहिल्या कडीत कोंडतील. स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतले. त्या रिळात फेकीच्या वेळी स्पूल फिरतच नाही, दोरी त्याच्या काठावरून निसटते, म्हणून त्याला रुंद कडी लागते. बेटकास्टिंग रिळात स्पूल स्वतः फिरतो, दोरी सरळ रेषेत निघते आणि तिला लहान कडी पुरते.

आपल्याला हवे ते बुटक्या बांध्याचे, ज्याला 'लो प्रोफाइल' म्हणतात तसले, बेटकास्टिंग रीळ. विकत घेताना मूठ डावीकडे की उजवीकडे ते आधी ठरवावे, कारण या रिळांत ती बहुधा बदलता येत नाही. मरळ कमळाच्या पानांत, जलपर्णीत आणि शेवाळात दबा धरून असते. तिथे रबरी बेडूक ओढायचा आणि मासा लागताच त्याला तळाकडे वळू न देता ओढून काढायचा असतो. म्हणून मागच्या उत्तरात तंगुसाच्या बाजूने जे लिहिले ते इथे लागू पडत नाही : काठीला मानवत असेल तर तीस ते पन्नास पौंडांची विणलेली दोरी घ्यावी, आणि ड्रॅग जवळजवळ पूर्ण आवळून ठेवावा. स्पूलवर आधी पाच-सात मीटर तंगूस गुंडाळून मगच ही दोरी बांधावी, नाहीतर ती गुळगुळीत स्पूलवर आख्खीच्या आख्खी घसरत फिरते आणि आपल्याला वाटते ड्रॅग बिघडला. गिअरचे प्रमाण सातच्या आसपास असावे, कारण मरळीने बेडूक धरल्यावर दोरीतली ढिलाई क्षणात गोळा करावी लागते.

सुरुवातीला गुंते होणारच. मुठीजवळची ताणाची चकती इतकी आवळावी की अंगठा उचलल्यावर बेडूक सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल; ब्रेक पहिले काही दिवस जास्तीत जास्त ठेवावा आणि हात बसल्यावर एकेक खूण कमी करावी. दहा ग्रॅमपेक्षा हलके आमिष या रिळाने फेकण्याचा हट्ट नवशिक्याने धरू नये.

प्रश्न : रोहूसाठी घेतलेल्या ४००० च्या रिळावर सह्याद्रीतल्या नदीत महसीर धरता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रिळाच्या बाजूने विचार केला तर दोन-तीन किलोंपर्यंतच्या माशाला धरता येईल, त्यापुढे मला भरवसा वाटत नाही. महसीर रोहूसारखा रेंगाळत नाही. तो आमिष घेताच खडकांच्या रांगेतून खाली धावतो, आणि त्याच्या पहिल्या धावेत आधी सांगितलेला व्यास घटण्याचा परिणाम पुरेपूर भोगावा लागतो. अशा ठिकाणी दोनशे मीटर क्षमतेचा स्पूल, मजबूत धातूचे अंग आणि अतिशय मऊ ड्रॅग असलेले ५००० च्या पुढचे रीळ, त्याला साजेशा जड काठीवर, योग्य ठरते.

पण रिळाआधी जागेची चौकशी करावी. दख्खनचा महसीर म्हणजे खुदरी. शास्त्रीय वाङ्मयात त्याची पहिली नोंद साइक्स या इंग्रज लष्करी अधिकारी व निसर्गअभ्यासकाने १८३९ मध्ये केली ती पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून, आणि आज तिथले पाणी कसे आहे ते पुणेकरांना सांगायला नको. लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या केंद्रात गेली कित्येक दशके या माशाची पैदास करून पिल्ले सोडली जातात. महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि देहूला इंद्रायणीत मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. धरणांचे जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा तिथे संस्थेची परवानगी आधी घ्यावी. परवानगी मिळाली तरी गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा आणि मासा पाण्याबाहेर न काढता सोडून द्यावा. फार हलकी दोरी आणि लहान रीळ वापरून महसीर अर्धा तास दमवण्यात शौर्य मानणारे असतात; त्यांनी सोडलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण पुष्कळदा जगत नाही. सोडायचाच असेल तर लवकर काठाशी आणता येईल इतके दमदार रीळ घ्यावे.

प्रश्न : नदीवर वापरलेले रीळ नळाखाली धुवावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जोराच्या धारेखाली धरू नये, पाणी गाळासकट आत शिरते. ड्रॅगची चकती आवळून ओल्या फडक्याने बाहेरून पुसावे, रोलर आणि मुठीच्या गाठीवर हलक्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, आणि वाळल्यावर चकती पूर्ण सैल करून मगच रीळ ठेवून द्यावे. आवळलेली चकती महिनोन् महिने तशीच राहिली की आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या हंगामात ड्रॅग अडखळतो. रीळ वाळूत पडले असेल तर मूठ एकदाही न फिरवता आधी ब्रशने वाळू झाडावी. तरीही आत खरखर ऐकू आली तर ते उघडून साफ करून घ्यावे. तोवर त्याची मूठ फिरवू नये.